बंधाऱ्यावरचा फोटो

बैल आणि रानगवा यांतला फरक लोकांना समजावून सांगण्यात माझा निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा गेला.

आदिलाबादच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. घरात मराठी, वर्गात तेलुगू, आणि कॉलेजच्या दफ्तरात दरखास्त, मंजुरी, रुजू, बरखास्त अशी जुन्या काळातली उर्दू. आमचे पणजोबा निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत पेशकार म्हणून इकडे आले आणि आम्ही इकडचेच होऊन गेलो. शिकवणं थांबलं तेव्हा माझे गुडघे गेलेले होते, पण डोळे शाबूत होते. एका जुन्या विद्यार्थिनीनं सांगितलं की घरी बसून जंगलाचे फोटो बघायचं एक काम आहे, तुम्हाला आवडेल. मी हो म्हटलं. तिनं काळजीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

हे काम काय असतं ते आधी सांगते. जंगलात झाडाच्या बुंध्याला कॅमेऱ्याची एक डबी बांधून ठेवतात. तिच्यासमोर काही हललं की ती आपोआप फोटो काढते. एका हंगामात इतके फोटो जमतात की चार-सहा संशोधकांना ते बघून संपवणं शक्यच नसतं. म्हणून ते एका वेबसाइटवर टाकतात, आणि आमच्यासारखे हौशी लोक आपापल्या घरून ते उघडून सांगतात की यात कोणतं जनावर आहे, किती आहेत, काय करतायत. एकच फोटो सात-आठ जणांसमोर जातो. सगळ्यांचं जमलं तर तो निकाली. नाही जमलं, तर तुकडीप्रमुखाकडे. आमची तुकडी म्हणजे आदिलाबाद आणि आसपासची चाळीसेक माणसं, आणि दुसऱ्या वर्षापासून तिची प्रमुख मी.

वाघ-बिबटे बघायला मिळतील म्हणून येणारे पहिल्या आठवड्यातच गळतात. बहुतेक फोटोंत नुसतं वाऱ्यानं हललेलं गवत असतं. उरलेल्यांत गाई, बैल, शेळ्या. मग कधीतरी एखादी सायाळ, एखादं तडस. बासरला देवळाच्या वाटेवर ओटीचं सामान विकणाऱ्या एक बाई गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात फोटो बघत. त्यांनी एकदा बिबट्याला ‘मांजर’ म्हणून नोंदवलं. मी चूक दाखवली तर त्यांचं उत्तर आलं की मॅडम, मांजरच आहे, नुसतं अंगानं थोर. शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं फारसं चुकत नव्हतं, त्यामुळे मला तीन पत्रं लिहावी लागली.

नियम मोजकेच होते, आणि त्यांतला एक सगळ्यांत कडक होता. फोटो कुठला आहे हे कोणालाही कळू द्यायचं नाही, फोटो बाहेर पाठवायचा नाही. कारण उघड आहे. वाघ कुठं आहे हे चार जणांना कळलं की दहाव्या माणसाचा हेतू चांगला असेलच असं नाही. वेबसाइटवर जागेचं नावही नसे आणि फोटो काही महिने जुने करूनच टाकत. मी हा नियम माझ्या तुकडीकडून अक्षरशः पाठ करून घेतला होता. शिक्षकाची सवय.

तिसऱ्या वर्षी हे काम चालवणाऱ्या संस्थेनं आम्हा प्रमुखांसाठी ऑनलाइन नेतृत्व प्रशिक्षण काढलं. आठ आठवडे, दर शनिवारी सकाळी. माणसं कशी हेरावीत, जबाबदारी कशी सोपवावी, अडचणीच्या वेळी निर्णय कसा घ्यावा. शेवटचा गृहपाठ होता की आपल्या तुकडीतून एक उपप्रमुख निवडा आणि तोच का, ते लिहा.

माझ्यापुढे दोन नावं होती.

एक विनायकराव. बँकेतून निवृत्त झालेले, आमच्याच कॉलनीत राहणारे. सगळ्या तुकडीत सर्वांत जास्त फोटो त्यांनी बघितलेले. रोज सकाळी फिरून आले की दहा ते एक बसत, बँकेत बसल्यासारखे. व्हिडिओवर छान बोलत, अर्ज वेळेवर भरत. सुरुवातीला प्रत्येक बैलाला रानगवा म्हणायचे, तेही पुढे सुधारलं.

दुसऱ्या शोभाताई. बेल्याकडच्या एका खेड्यातल्या, वांगी, मेथी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर यांचा मळा करणाऱ्या. दहावीपर्यंत शिकलेल्या. फोटो थोडे बघत, पण त्यांचं चुकलेलं मला आठवत नाही. अर्धवट दिसणाऱ्या मागच्या पायांवरून त्या रोही, म्हणजे नीलगाय, ओळखत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या होत्या, “आमच्या तुरीत रोजच येते ना मॅडम, मागूनच दिसते ते.” पण व्हिडिओवर त्या बोलत नसत. कॅमेरा बंद, आवाज बंद. अर्ज इंग्रजीत असे, तो त्या भरतच नसत.

मी विनायकरावांचं नाव दिलं. दोन पानं कारणं लिहिली, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी ती वाचून दाखवली. मला बरं वाटलं होतं.

मागच्या कापसाच्या हंगामातली गोष्ट. शुक्रवार होता, दुपारचे अडीच वाजलेले. शोभाताईंचा फोन आला. त्या फोन कधी करत नसत. म्हणाल्या, आज सकाळी जे नवे फोटो आलेत त्यांत एक बघा. मी उघडला. सिमेंटचा एक लहान बंधारा, त्याची डावी बाजू फुटलेली, आणि फुटलेल्या जागेतून पाणी पिणारी वाघीण. मागे गवतात दोन पिल्लं. पहाटेचा उजेड होता. इतका सुंदर फोटो मी त्या कामात बघितला नव्हता, आणि दोन क्षण मी नुसती बघत बसले.

“मॅडम, हा आमच्या शिवारातला बंधारा हाय,” शोभाताई म्हणाल्या. “खाली तारीख पाहा.”

फोटोखाली तारीख होती. सोमवारची. त्याच आठवड्यातल्या सोमवारची. संस्थेकडून कुणाच्या तरी हातून जुन्याऐवजी ताज्या फोटोंचा गठ्ठा वेबसाइटवर गेला होता.

“रोज आमी अकरा जणी तिथूनच जातो कापूस येचाले, उद्याही येचाचा हाय,” त्या म्हणाल्या. “नाल्यातूनच पायवाट हाय.”

कापसाच्या रानात बाई वाकून वेचते, ओळीत मान खाली घालून. कापसाची झाडं, पऱ्हाटी, कमरेच्या वर असतात. पलीकडच्या ओळीत काय बसलंय ते दिसत नाही. आणि पिल्लांजवळची वाघीण. हे मी एकतीस वर्षं मुलांना शिकवलेलं होतं. दुसरीकडे हेही डोळ्यांपुढे आलं की गावात ही बातमी फुटली तर काय होईल. काठ्या, फटाके, मोटारसायकली. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत वीज सोडणारेही असतात.

मी म्हटलं, “शोभाताई, थांबा. कोणाला काही सांगू नका. मी विचारून कळवते.”

त्या “बरं” म्हणाल्या.

मी संस्थेच्या समन्वयक मुलीला फोन लावला. ती घाबरली, पण कामाला लागली. अर्ध्या तासात तो सगळा गठ्ठा वेबसाइटवरून उतरला. पुढचं मात्र तिच्या हातात नव्हतं. वरिष्ठ परदेशात होते, त्यांना पत्र पाठवलं होतं, उत्तर सोमवारपर्यंत येईल, तोवर नियमाप्रमाणेच चालावं, असं ती म्हणाली. मी विचारलं, वनखात्याला मीच सांगू का. ती म्हणाली, मॅडम, तेसुद्धा संस्थेमार्फतच जायला हवं.

मी ते ऐकलं. मी प्रमुख होते, नियमांखाली सही केलेली होती, आणि आयुष्यभर प्राचार्यांच्या परिपत्रकाबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. मी शोभाताईंना कळवलं की सोमवारपर्यंत थांबायचं आहे, तुम्ही स्वतः जाऊ नका. त्या पुन्हा “बरं” एवढंच म्हणाल्या.

शनिवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळी सात वाजता त्या बायका निघत असतील, असं घड्याळाकडे बघून वाटलं. नऊ वाजता दव वाळलं असेल, त्या ओळींत शिरल्या असतील. दहा वाजता मी शोभाताईंना फोन केला, लागला नाही. शेतात रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी मी सात वेळा लावला. दुपारी पोळी पानात तशीच राहिली. आमच्या ह्यांनी विचारलं की काय झालं. मी सांगितलं नाही. घरातल्या माणसालाही सांगायचं नाही, असाच नियम होता. चार वाजता शोभाताईंचा संदेश आला, ‘घरी आली’. तो मी परत परत वाचला. त्या स्वतः गेल्या होत्या की काय, असं मनात आलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं, तर बाकीच्या दहा जणींचंही विचारावं लागलं असतं.

रविवारी सकाळी साडेआठला माझ्या मावसभावानं मला एक फोटो पाठवला. तोच बंधारा, तीच वाघीण. खाली लिहिलेलं: ‘आपल्या बेल्याकडे, याच आठवड्यात!’

फोटो उतरवला गेला होता, पण वेबसाइटवरच्या नोंदीत त्या आधीच्या वेळात तो पाहणारा माझ्या तुकडीतला आणखी एक जण दिसत होता. मी विनायकरावांना फोन केला. त्यांनी नाकारलं नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला, म्हणाले, सगळे सभ्य लोक आहेत. जागा कशी कळली, असं विचारलं, तर त्यांच्यातलाच एक जण पूर्वी बेल्याला इंजिनिअर होता, त्यानं बंधारा ओळखला.

मग मी संस्थेला विचारलं नाही. सरळ वनखात्याच्या कचेरीत गेले. रविवार असून तिथले अधिकारी भेटले. तेलुगू गृहस्थ, शांत. मी मोबाइल पुढे केला आणि बोलताना माझी तेलुगू अडखळली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, जागेवरूनच तीन फोन केले, आणि मग मला एकच विचारलं की हे तुम्हाला केव्हा समजलं. मी म्हटलं, शुक्रवारी दुपारी. ते उठले. गाडीत मागे बसा, म्हणाले.

बेल्याच्या पुढे खेड्याच्या फाट्यावर आम्ही पोचलो तेव्हा पंचवीस-तीस मोटारसायकली उभ्या होत्या. आदिलाबादहून, पलीकडून महाराष्ट्रातूनही आलेली तरणीताठी माणसं. काहींच्या हातात मोठे कॅमेरे, दोघा-तिघांच्या हातात काठ्या. पण बंधाऱ्याच्या वाटेला कोणीच नव्हतं. सगळे उलट्या दिशेनं जात-येत होते, वैतागलेले. एक जण दुसऱ्याला हिंदीत सांगत होता की तीन किलोमीटर जाऊन आलो, तिथला बंधारा तर शाबूत आहे.

त्यांना तिकडे पाठवलं होतं बायकांनी. फाट्याजवळच्या हातपंपावर शोभाताई आणि आणखी तिघी-चौघी भांडी घासत बसलेल्या होत्या. जो येई तो त्यांनाच विचारी, आणि त्या हात लांब करून वाट दाखवत. बंधारा विचारला होता, त्यांनी बंधारा दाखवला. वनखात्याच्या माणसांनी गर्दी पांगवली, नाल्याच्या दोन्ही तोंडांना माणसं बसवली, गावात फिरून नीट सूचना दिली. दुपारपर्यंत सगळं शांत झालं.

वाघीण तिथं नऊ दिवस होती. बायका पाळत ठेवणाऱ्यांना सोबत घेऊन, एकत्र, मोठ्यानं बोलत वेचायला जात. दहाव्या दिवशी पैनगंगेच्या काठच्या ओल्या वाळूत तिचे आणि पिल्लांचे ठसे मिळाले, पलीकडे जाणारे. कोणालाही ओरखडासुद्धा आला नाही. अधिकाऱ्यांनी मला फोन करून हे कळवलं तेव्हा मी खुर्चीत बसून रडले, आणि आमच्या ह्यांना सगळं सांगितलं.

त्यानंतर संस्थेला अहवाल द्यायचा होता. गुप्तता मोडली का, कोणी मोडली. मी विनायकरावांचं नाव लिहिलं, आणि दुसरा परिच्छेद शोभाताईंवर लिहिला: माझ्या सूचनेप्रमाणे त्यांनी शेवटपर्यंत गुप्तता पाळली आणि गर्दीही चतुराईनं थोपवली. विनायकरावांचं खातं बंद झालं. ते पत्रानं कळण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला. म्हणाले, “मॅडम, मी चोरी नाही केली. मला वाटलं, आपण काय काम करतो ते कोणाला तरी दिसावं.” त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर सुरूच होता. दहा ते एक आता ते काय करतात, मला माहीत नाही. रस्त्यात दिसले की नमस्कार करतात. त्यांना निवडलं मी, मोठेपण दिलं मी, आणि ते मिरवायची हौस त्यांना असेल हे मला ओळखता आलं नाही. माझ्या दोन पानांत त्यांनी किती फोटो बघितले एवढंच होतं.

उपप्रमुखाची जागा रिकामी झाली म्हणून मी बेल्याला शोभाताईंकडे गेले. त्या वांग्याच्या वाफ्यात होत्या. बांधावर बसून मी त्यांना विचारलं की हे काम घ्याल का. अर्ज मी मराठीत करून आणला होता. शोभाताईंनी तो वाचला, घडी घातली. मग मी मनातलं विचारलं, की त्या शनिवारी तुम्ही गेला होतात का?

“गेलो ना. साऱ्याच गेलो,” त्या म्हणाल्या. “सडकेनं गेलो, लांबून. त्या नाल्याकडच्या ओळी सोडून देल्या.”

मी म्हटलं, बाकीच्यांना काय कारण सांगितलंत?

“कारण काऊन सांगू? वाघीण हाय म्हणून सांगितलं. पिल्लं हायेत तेही सांगितलं. घरच्या माणसाईले सांगायचं नाही असं साऱ्या जणींनी ठरवलं. माणसं काठ्या घेऊन जातेत.”

अकरा बायका शुक्रवारपासून जाणत होत्या. नवऱ्याला नाही, सासूला नाही, कोणालाच त्यांनी कळू दिलं नव्हतं. माझ्या तुकडीत चाळीस माणसं नियम पाठ करून बसली होती आणि त्यांतल्या माझ्या उपप्रमुखाकडूनच फोटो बाहेर गेला.

मी म्हटलं, “पण मी तुम्हाला थांबा म्हटलं होतं. मग केव्हा सांगितलंत त्यांना? माझा फोन झाल्यावर लगेच?”

शोभाताई वांगी खुडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “त्याच्या आधीच. त्याईले सांगूनच तुमाले फोन केला होता मॅडम. तुमाले विचाराले नव्हता केला. तुमालेही मालूम असावं म्हणून केला होता.”

शनिवारच्या प्रत्येक तासाला मी ज्या बायकांना मनातल्या मनात मारत होते, त्या सगळ्या सडकेनं गेल्या होत्या.

मग मला अहवाल आठवला. मी त्यांना सांगितलं की मी तुमच्याबद्दल खोटं लिहून बसले आहे, ते दुरुस्त करावं लागेल, आणि केलं तर तुमचंही खातं बंद होईल. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, “खरं हाय ते लिहा. पण सारं लिहा. अकरा जणी होतो तेही लिहा.”

मी सगळं लिहिलं. माझं शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ काहीच न करणंही लिहिलं. नियम एकच होता, त्यामुळे विनायकरावांवर लागलेलंच कलम शोभाताईंवर लागलं. मी पत्रांवर पत्रं घातली, शेवटी प्रमुखपद सोडलं. वाद चार महिने चालला. आता नियमात बदल झालाय. फोटोतली जागा स्वतःच्या गावची निघाली, तर संस्थेची वाट न बघता वनखात्याला कळवायचं, आणि तिथं रोज जाणाऱ्या माणसांना सावध करायचं. शोभाताईंचं खातं पुन्हा सुरू झालं. उपप्रमुखाचा अर्ज त्यांनी अजून भरलेला नाही. कापूस निघाल्यावर बघू, म्हणतात.

नव्या प्रमुखांना शिकवायला संस्था मला अजून बोलावते. दर शनिवारी सकाळी मी बोलते, आणि अधूनमधून त्यांचे फोन येतात, काही अडलं की. फोन वाजला की काळजी अजूनही वाटतेच. फक्त ‘थांबा, विचारून कळवते’ हे शब्द मी आता तोंडातून काढत नाही. आधी विचारते, तिथं रोज कोण जातं, आणि त्यांना सांगून झालंय का.